यादीला धक्का न लावता चूक सांगणे

लिफ्टची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आम्ही एक मोबाइल ॲप तयार करत होतो. त्या ॲपचा सारा जीव एका यादीत होता. आज कोणत्या इमारतीत जायचे, तिथली तक्रार काय आहे, मागच्या खेपेला कोणता भाग बदलला आणि काम सुरू आहे की संपले, हे सगळे एका कामाला एक ओळ या हिशेबाने त्या यादीत दिसे. हे तंत्रज्ञ दिवसाचा बराचसा वेळ तळघरात, लिफ्टच्या खड्ड्यात किंवा गच्चीवरच्या मशीन रूममध्ये असतात आणि या जागी फोनला नेटवर्क मिळेलच अशी खात्री नसते. म्हणजे संपर्क तुटणे ही आमच्या वापरकर्त्यांच्या दृष्टीने रोजचीच गोष्ट होती. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होते, तरीही एरर मेसेज कसा आणि कुठे दाखवायचा याचा विचार आम्ही सर्वांत शेवटी केला.

पहिल्या आवृत्तीत सर्व्हरकडून उत्तर आले नाही की एक सामाईक फंक्शन चालायचे आणि ते स्क्रीनच्या मधोमध डायलॉग उघडायचे. त्यावर ‘काहीतरी चुकले. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ एवढा मजकूर आणि खाली ‘ठीक आहे’ हे एकच बटण असे. कोड लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही सर्वांत सोपी वाट होती, कारण चूक कोणतीही असो, ती एकाच जागी हाताळली जात होती. आमच्या कार्यालयातल्या वाय-फायवर तो डायलॉग आठवडा-आठवडा दिसत नसे, त्यामुळे त्याचा जाच आमच्यापैकी कोणालाही जाणवला नव्हता.

तो जाणवला एका तळघरात. मी एका ज्येष्ठ तंत्रज्ञांबरोबर त्यांचे काम पाहायला गेले होते. त्यांच्या डाव्या हातात टॉर्च होता, उजव्या हातात फोन, आणि त्यांना मागच्या भेटीत बदललेल्या भागाचा क्रमांक हवा होता. ॲप दर मिनिटाला यादी ताजी करायला सर्व्हरकडे जात होते, त्यामुळे दर मिनिटाला डायलॉग येत होता आणि ते न वाचताच अंगठ्याने ‘ठीक आहे’ दाबत होते. तिसऱ्या वेळी डायलॉग गेला आणि त्याच्यामागची यादीही कोरी झाली होती, कारण नवी माहिती मागवण्याआधी जुनी पुसायची, असे आमच्या कोडमध्ये एका वाटेने होत होते. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, इथे नेटवर्क नाही हे मला ठाऊक आहे, मी जमिनीखाली उभा आहे. पण माझी यादी का काढून घेतली?”

त्या प्रश्नात दोन चुका एकत्र आल्या होत्या. संदेश वाटेत आडवा येत होता ही एक, आणि हातात असलेली माहिती आम्ही हिरावून घेत होतो ही दुसरी. दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी मोठी होती, म्हणून आम्ही आधी ती दुरुस्त केली. सर्व्हरकडून आलेली माहिती फोनमधल्याच डेटाबेसमध्ये साठवायची आणि यादीने फक्त त्या डेटाबेसमधूनच वाचायचे, अशी रचना केली. अँड्रॉइडवर त्यासाठी रूम ही लायब्ररी वापरली. नेटवर्क आता फक्त साठा भरण्याचे काम करते, त्यामुळे ते अयशस्वी झाले तर साठा जुना होतो, रिकामा होत नाही. अडथळा न आणणारा संदेश हा निव्वळ डिझाइनचा विषय आहे असे मी तोवर मानत होते. पण आतला कोड माहिती फेकून देत असेल, तर बाहेरचा संदेश कितीही सौम्य ठेवला तरी उपयोग नसतो. यादी जागेवर असेल तरच संदेश लहान राहू शकतो.

डायलॉग काढायचा असे ठरले तेव्हा टीमचा पहिला कल टोस्टकडे, म्हणजे स्क्रीनवर क्षणभर दिसून आपोआप जाणाऱ्या छोट्या निरोपाकडे होता. अँड्रॉइडचा टोस्ट दोनच मुदतींसाठी दिसतो, सुमारे २ सेकंद किंवा सुमारे ३.५ सेकंद. त्यावर बटण नसते, तो यादीतल्या कोणत्या ओळीबद्दल बोलतो आहे हे कळत नाही, आणि अँड्रॉइड १२ पासून त्यातला मजकूर दोन ओळींपुरता मर्यादित झाला आहे. आम्ही तो महिनाभर वापरून पाहिला. तंत्रज्ञांची नजर यंत्रावर असायची आणि टोस्ट येऊन गेलेला असायचा. याहून वाईट गोष्ट म्हणजे टोस्ट रांगेत उभे राहतात. यादीतल्या प्रत्येक ओळीत त्या लिफ्टचे लहानसे छायाचित्र होते, ते उतरवता आले नाही की त्याचा वेगळा टोस्ट लागे, आणि आठ छायाचित्रे अडकली की आठ टोस्ट एकामागून एक येत राहात. नेटवर्क परत आले, छायाचित्रे दिसू लागली, तरी खाली ‘छायाचित्र मिळाले नाही’ हा निरोप चालूच. छायाचित्राच्या बाबतीत उत्तर साधे निघाले. जिथे ते यायचे होते तिथे एक राखाडी चौकट ठेवायची आणि काहीच बोलायचे नाही, कारण छायाचित्र नसल्याने कोणाचे काम अडत नव्हते.

या राखाडी चौकटीमुळे आमचा विचार मार्गी लागला, असे मला वाटते. ‘चूक कशी दाखवायची’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘या माणसाला या क्षणी यादीत नेमके काय मिळालेले नाही’ असे आम्ही विचारू लागलो. याचे उत्तर मिळाले की संदेश कुठे ठेवायचा हे बहुतेक वेळा आपोआप ठरते. सगळी यादीच नसेल, म्हणजे ॲप पहिल्यांदाच उघडले असेल आणि फोनमध्ये काहीच साठलेले नसेल, तर यादीच्या मोकळ्या जागेत संदेश आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण बिनदिक्कत मोठे ठेवावे, कारण तिथे झाकण्यासारखे काही नसते. ही स्थिती सोपी होती. बाकीच्यांनी वेळ घेतला.

यादी आहे पण जुनी आहे, या स्थितीसाठी आम्ही यादीच्या वर एक पट्टी आणली. ताजी माहिती मिळाली नाही की ती सरकत येई आणि यादी तेवढीच खाली जाई. दिसायला ते छान होते. पण प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला ‘सुरू करा’ हे बटण होते आणि चाचणीत एका तंत्रज्ञाने ते दाबायला बोट खाली आणले, त्याच क्षणी पट्टी आली, यादी खाली सरकली आणि बोट वरच्या ओळीतल्या बटणावर पडले. भलतेच काम सुरू झाले. त्यांना वाटले आपलाच हात घसरला. मी शेजारी बसून स्क्रीन पाहत नसते, तर आम्हालाही तसेच वाटले असते, कारण सर्व्हरच्या नोंदीत ते एक साधे, यशस्वी काम होते.

त्यानंतर एक नियम ठरला: संदेशामुळे यादीतली कोणतीही ओळ स्वतःची जागा सोडणार नाही. पट्टी गेली आणि शीर्षकाखाली एक बारीक ओळ कायमची आली. एरवी तिथे ‘१०:४० ची माहिती’ असे लिहिलेले असते. संपर्क नसला की तीच ओळ ‘संपर्क नाही, १०:४० ची माहिती’ अशी होते आणि शेजारी एक लहान चिन्ह येते. उंची तीच राहते, जागा तीच राहते. जुन्या माहितीबरोबर तिची वेळ देण्याचा लाभ मला आधी पुरता कळला नव्हता. वेळ दिसली की यादीवर कितपत विसंबायचे हे तंत्रज्ञ स्वतः ठरवतात, त्यासाठी वेगळ्या इशाऱ्याची गरज उरत नाही.

यादीच्या शेपटाशी येणारी चूक वेगळी असते. वापरणारा खाली स्क्रोल करत गेला, पुढची वीस कामे मागवली आणि ती आली नाहीत. इथे संदेश यादीच्या अगदी शेवटी, पुढची ओळ जिथे आली असती तिथेच हवा. अँड्रॉइडच्या पेजिंग ३ या लायब्ररीत संपूर्ण यादी ताजी करणे, वरच्या टोकाला भर घालणे आणि खालच्या टोकाला भर घालणे या तिन्हींची स्थिती वेगवेगळी कळते, त्यामुळे फुटरमध्ये, म्हणजे यादीच्या शेवटच्या ओळीखालच्या जागेत, चूक दाखवून फक्त अडलेलाच भाग पुन्हा मागवणे सोपे गेले. आयफोनच्या आवृत्तीत मात्र हे आम्ही स्वतः लिहिले होते. शेवटची ओळ दिसू लागली की पुढचा भाग मागवायचा, मागणी फसली की फुटर नव्याने आखायचा, आणि नव्याने आखल्यामुळे शेवटची ओळ पुन्हा ‘दिसू लागली’ असे ॲपला वाटायचे. मागणीमागून मागणी सुटत राहिली आणि फोन हाताला गरम लागू लागला. तेव्हापासून एकदा चूक झाली की तो फुटर गप्प बसतो. माणसाने बटण दाबले किंवा संपर्क परत आला, तरच पुढची मागणी जाते. आपोआप होणारे प्रयत्नही प्रत्येक वेळी दुप्पट अंतराने होतात आणि त्या अंतरात थोडा अनियमितपणा मुद्दाम घातला आहे, म्हणजे संपर्क परत येताच सगळे फोन एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. सर्व्हरने ४२९ (फार मागण्या आल्या) किंवा ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) हे उत्तर देताना किती वेळ थांबायचे तेही कळवले असेल, तर आम्ही तेवढे थांबतो.

सर्वांत जास्त विचार एकाच ओळीच्या चुकीवर झाला आणि आमची सर्वांत मोठी चूकही तिथेच झाली. तंत्रज्ञाने ‘काम पूर्ण’ दाबले की सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता ओळ लगेच ‘पूर्ण’ दाखवायची आणि नोंद मागाहून पाठवायची, असे आम्ही ठरवले होते. नोंद गेली नाही तर ओळीच्या कोपऱ्यात एक छोटा लाल ठिपका दिसे. डायलॉगच्या जाचातून नुकतेच बाहेर पडल्यामुळे आम्हाला तो ठिपका फार आवडला होता. पण पूर्ण झालेली कामे यादीच्या तळाशी वेगळ्या गटात जात, त्यांच्याबरोबर तो ठिपकाही तिथे जाई, आणि त्या गटाकडे कोणी फिरकत नसे. एका संध्याकाळी एका तंत्रज्ञाची तीन कामे अशी तळाशी ठिपक्यांसह पडून राहिली. त्यांच्या दृष्टीने ती झाली होती, म्हणून ते ॲप बंद करून घरी गेले. नोंदी तेव्हा ॲप उघडे असेपर्यंतच पाठवल्या जात. कार्यालयात ती कामे अपूर्ण दिसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या माणसाला त्याच इमारतींमध्ये पाठवले गेले.

संदेशाने अडथळा आणू नये या हट्टापायी आम्ही तो लपवला होता. हे मान्य करायला मला दोन दिवस लागले, कारण चाचण्यांमध्ये त्या ठिपक्याबद्दल एकही तक्रार आलेली नव्हती. ठिपका कोणी पाहिलेलाच नव्हता, मग तक्रार कोण करणार? तेव्हापासून आम्ही चाचणीत ‘त्रास झाला का’ एवढेच विचारून थांबत नाही. यादी पाहून झाल्यावर फोन बाजूला ठेवायला सांगतो आणि कोणती कामे कार्यालयाला पोचली नाहीत ते विचारतो.

त्या प्रसंगानंतर ओळीची रचना बदलली. नोंद सर्व्हरला पोचेपर्यंत ओळ खालच्या गटात जात नाही, जिथे होती तिथेच राहते. ओळीत दुसऱ्या रेघेवर पत्ता असतो. नोंद अडली की त्या जागी पत्त्याऐवजी स्थिती दिसते, त्यामुळे उंचीत फरक पडत नाही. आणि ती स्थिती दोन प्रकारची असते, हे आम्हाला खूप उशिरा उमगले. नेटवर्क नसल्यामुळे नोंद थांबली असेल तर ती चूक नव्हे, ती प्रतीक्षा आहे. तिथे साध्या अक्षरांत ‘पाठवायचे बाकी’ एवढे लिहिले की पुरते, कारण माणसाने करण्यासारखे काही नसते. अशा नोंदी पाठवण्याचे काम आता अँड्रॉइडवर वर्कमॅनेजर या पार्श्वभूमीत कामे करणाऱ्या लायब्ररीकडे आहे. ॲप बंद झाले किंवा फोन बंद करून पुन्हा सुरू केला तरी त्याच्याकडे सोपवलेले काम टिकते. सर्व्हरने नोंद नाकारली असेल तर मात्र ती खरी चूक आहे, आणि तिथे ‘स्वीकारले गेले नाही, कारण पाहा’ असे दिसते. ती सगळी दुसरी रेघ दाबता येते आणि तिचे स्पर्शक्षेत्र अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट उंचीचे ठेवले आहे (डीपी आणि पॉइंट ही स्क्रीनवरच्या मापाची एकके). हातमोजे घातलेल्या बोटाला त्याहून कमी पुरत नाही.

नजरेआड गेलेल्या ओळींसाठी शीर्षकाखालच्या त्या बारीक ओळीतच ‘३ कामे पाठवायची बाकी’ असा आकडा येतो. तो दाबला की यादीत तेवढीच तीन कामे उरतात. पुन्हा दाबला की पूर्ण यादी दिसते आणि स्क्रोलची जागाही तीच राहते. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण चाळीसाव्या ओळीवरून माणसाला पहिल्या ओळीवर आणून टाकणे हाही एक अडथळाच आहे.

रंगाच्या बाबतीत आमची समजूत दोनदा बदलली. लाल ठिपका एकट्या रंगावर विसंबून होता आणि लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्या माणसाला ‘पूर्ण’ची हिरवी खूण आणि तो ठिपका सारखेच भासू शकतात. माहिती केवळ रंगातून देऊ नये हे वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अगदी पायाभूत पातळीवर सांगितलेले आहे. ते वाचलेले असूनही आमच्या हातून ते सुटले. मग ठिपक्याऐवजी शब्द आले, पण ते शांत दिसावेत म्हणून आम्ही इतके फिकट राखाडी ठेवले की गच्चीवरच्या उन्हात ते कोणालाच वाचता येईनात. आता लहान अक्षरांचा पार्श्वभूमीशी फरक किमान ४.५ : १ आहे. संदेश लहान असावा, एका जागी असावा, हलू नये. पण तो वाचता आलाच पाहिजे.

हा सगळा संसार डोळ्यांनी पाहणाऱ्यांसाठी मांडला होता, याची जाणीव आम्हाला टॉकबॅक (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) वापरून फोन चालवणाऱ्या एका चाचणीकर्तीने करून दिली. ती यादीच्या तळाशी पोचली, फुटरमध्ये चूक आली, आणि तिला काहीच ऐकू आले नाही. यादी संपली असेच तिला वाटले. वर उल्लेख केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.१ या २०१८ च्या आवृत्तीत स्थितिदर्शक संदेशांसाठी वेगळा निकष आहे: असा संदेश फोकस (साधन सध्या जिथे वाचत आहे ती जागा) न हलवताही सहायक साधनांना कळला पाहिजे. आम्ही घाईघाईने फुटरला तातडीची घोषणा जोडली, तर चाचणीकर्ती कामाचा पत्ता ऐकत असताना ती घोषणा मध्येच वाक्य तोडून चूक बोलू लागली. हा आमचा जुना डायलॉगच होता, फक्त आता तो कानात उघडत होता. मग घोषणा सौम्य प्रकारची केली, म्हणजे चालू वाक्य संपल्यावरच ती ऐकू येते. प्रत्येक अडलेल्या ओळीची वेगळी घोषणा काढून टाकली आणि फक्त बाकी कामांचा आकडा बदलला की तो एकदा सांगितला जातो.

स्नॅकबार, म्हणजे स्क्रीनच्या तळाशी थोडा वेळ येणारी, बटण असू शकणारी पट्टी, आम्ही एकाच कामासाठी ठेवला. तंत्रज्ञाने ओळ यादीतून काढली की ‘पूर्ववत करा’ हे बटण देण्यासाठी तो येतो. तो किती वेळ राहावा हे ठरवताना वापरणाऱ्याने फोनच्या सेटिंगमध्ये जास्त मुदत निवडली असेल तर ती पाळली जाते, ही सोय अँड्रॉइड १० पासून आहे. त्यातही एक दोष निघाला होता. फोन आडवा केला की आधी दिसून गेलेला स्नॅकबार पुन्हा यायचा, कारण स्क्रीन नव्याने उभी राहताना शेवटची स्थिती पुन्हा वाचली जात होती आणि ‘हा निरोप देऊन झाला’ अशी नोंद आम्ही कुठेच ठेवत नव्हतो.

मजकुराबद्दल थोडक्यात सांगते. ‘काहीतरी चुकले’ हे वाक्य संपूर्ण कोडमधून काढले. ५०० (सर्व्हरमधली चूक) आणि ५०३ साठी ‘सर्व्हर सध्या उत्तर देत नाही, तुमची नोंद फोनमध्ये सुरक्षित आहे’, ४०४ (मागितलेली गोष्ट सापडली नाही) साठी ‘हे काम कार्यालयाने रद्द केले आहे’, असे लिहिले. दुसरे वाक्य आमच्या सर्व्हरपुरतेच खरे आहे, पण ते इथे खरे आहे म्हणूनच उपयोगी पडते. ४०१ आले, म्हणजे लॉगिनची मुदत संपली, तर पुढे काहीच होऊ शकत नाही. तिथे पूर्ण स्क्रीन घ्यायला आम्ही कचरलो नाही. फक्त आधी अडलेल्या नोंदी फोनमध्ये शाबूत आहेत ना, हे तपासूनच ती स्क्रीन उघडते.

एका गोष्टीवर मात्र अजून काम चालू आहे. दोन तंत्रज्ञांनी संपर्क नसताना एकाच कामात वेगवेगळी नोंद केली, तर नंतर पोचणाऱ्या नोंदीला सर्व्हर ४०९ (आधीच्या नोंदीशी विसंगत) हे उत्तर देतो. कोणती नोंद खरी धरायची हे दोन्ही शेजारी-शेजारी पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही आणि ती तुलना ओळीच्या दुसऱ्या रेघेत मावत नाही. सध्या तिथे ‘दोन नोंदी आहेत’ एवढेच दिसते आणि ते दाबल्यावर वेगळी स्क्रीन उघडते. त्या स्क्रीनवरून परत आल्यावर यादी जिथे होती तिथेच राहते की नाही, हे आम्ही या आठवड्यात तपासत आहोत.